नाण्यातली चूक टांकसाळीतली की बाहेरची, हे कसं ओळखायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दुकानाच्या गल्ल्यातून चार नाणी बाजूला काढली आहेत. दहाच्या नाण्याचा मधला गोल एका बाजूला सरकलाय. २०१२च्या एक रुपयावर काठाशी धातूची गुठळी आहे आणि तिच्याखाली एक अक्षर झाकलं गेलंय. जुन्या जाड पाच रुपयांवर सिंहांच्या बाजूला उलटी अक्षरं खोल उमटली आहेत. आणि दोन रुपयांवर साल दुहेरी दिसतंय. यातली टांकसाळीची चूक कुठली आणि नुसती खराबी कुठली?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पाचचं नाणं टांकसाळीतून असं आलेलं नाही, ते बाहेर कोणीतरी दाबलंय. दोनच्या नाण्यावरचं दुहेरी साल यंत्राच्या हिसक्यामुळे आलंय. ती खराबी नाही, पण संग्राहक त्याला जादा पैसे मोजत नाहीत. रुपयाची गुठळी फोटोवरून तरी खरी वाटते. दहाच्या नाण्याचा फोटो तिरपा आहे, त्यामुळे ते तुम्हालाच तपासावं लागेल. कसं ते पुढे येतंच.

विचित्र नाणं हातात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, याचे किती मिळतील? हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा: इथला धातू कुठे गेला, किंवा इथे जादा धातू आला कुठून? आणि त्याला लागून दुसरा: नाणं पाडण्याच्या कुठल्या टप्प्यावर असं होऊ शकतं? टप्पा दाखवता आला तर चूक खरी असण्याची शक्यता आहे. दाखवता आला नाही, तर नाणं कितीही चमत्कारिक दिसो, त्याला टांकसाळीची चूक म्हणू नये. याबाबत मी कडक आहे, कारण बाजारात 'एरर' म्हणून विकायला येणाऱ्या नाण्यांत ठोकलेली, घासलेली, तापवलेली नाणी फार असतात आणि नव्या संग्राहकांचे पैसे त्यांतच जातात.

त्यासाठी नाणं कसं पडतं तेवढं डोळ्यांसमोर हवं. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडतात. चकतीची कड दाबून किंचित उचलतात. तापवून ती मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात. मग ती प्रेसमध्ये जाते. खाली एक डाय (नक्षी उलटी कोरलेला पोलादी साचा), वर दुसरी डाय आणि भोवती कॉलर नावाचं पोलादी कडं. एका दाबात दोन्ही बाजू एकदमच उमटतात. त्या दाबाने धातू बाहेर पसरतो आणि कॉलरला जाऊन भिडतो. नाण्याचा व्यास कॉलर ठरवते, काठावर कंगोरे असतील तर तेही तिच्यामुळेच उमटतात. खऱ्या चुका या साखळीतच कुठेतरी होतात: चकती सदोष, डाय सदोष, किंवा दाब चुकीच्या जागी पडलेला.

आता उंच आणि खोल हा फरक घ्या. डाय नाण्याच्या उलट असते. डायला भेग पडली की दाबाखाली धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर रेघ खोल जाते आणि खरवडलेला धातू तिच्या दोन्ही काठांना बारीक वरंब्यासारखा साचतो. दहापट भिंगाखाली, उजेड बाजूने टाकला की हे वरंबे लगेच दिसतात. खोल रेघेला एक अपवाद आहे. दाब पडताना डाय आणि चकतीच्या मध्ये एखादा दोरा किंवा तारेचा तुकडा आला, तर खोल रेघ टांकसाळीतच पडते. पण तिचा तळ गुळगुळीत असतो आणि काठांना वरंबे नसतात, कारण तिथला धातू खरवडलेला नसून दबलेला असतो.

तुमच्या रुपयाची गुठळी याच नियमाने पाहायची. डायचा काठाकडचा तुकडा तुटून पडला की त्या खळग्यात धातू भरतो. नाण्यावर काठाला चिकटलेला, नक्षी नसलेला, उंच भाग दिसतो. संग्राहक त्याला 'कड' (cud) म्हणतात, मराठी कडेशी त्याचा संबंध नाही, इंग्रजीतून आलेलं नाव आहे. खात्री मात्र मागच्या बाजूला होते. धातू जेव्हा खळगा भरायला धावतो, तेव्हा बरोबर मागच्या जागेवर पुरेसा दाब राहत नाही आणि तिथली नक्षी फिकी उमटते. आपली नाणी अशी पाडलेली असतात की उभ्या अक्षावर, पुस्तकाचं पान उलटावं तशी फिरवली तर दोन्ही बाजू सरळ दिसतात. म्हणजे सिंहांच्या बाजूला उजव्या काठावर गुठळी असेल तर मूल्याच्या बाजूला डाव्या काठावर पाहायचं. तिथे अक्षरं किंवा काठ पुसट असतील, तर तुमचं नाणं खरं. मागे सगळं ठसठशीत असेल, तर ती गुठळी वरून चिकटलेली आहे का हे पाहा: सुईने काठाशी फट लागते का, रंग वेगळा आहे का.

हे सांगायचं कारण चांदीच्या रुपयांत रोज दिसतं. आपल्याकडे राणीछाप आणि राजाछाप रुपये माळेत ओवायची चाल होती. सोनाराने डाग देऊन कडी जोडलेली असते, पुढे ती काढून टाकली जाते आणि काठावर छोटी गुठळी राहते. ती हमखास राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, मधोमध असते, कारण माळेत चेहरा सरळ राहायला हवा. तिथेच काठाच्या कंगोऱ्यांत डागाचा वितळलेला धातू भरलेला दिसतो. अशा नाण्याचं वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ किंवा थोडं वरही निघतं, म्हणून नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नये.

पाचच्या नाण्यावर जरा जास्त वेळ देतो, कारण फसवणूक इथेच जास्त होते. उलटी, खोल अक्षरं उमटलेली एक चूक खरोखर असते. तिला 'ब्रोकेज' म्हणतात. नुकतंच पडलेलं नाणं बाहेर न पडता एका डायला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर येते. मग त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा ठसा उमटतो. दुसऱ्या बाजूला मात्र डायऐवजी चिकटलेल्या नाण्याचा चेहरा दाबला जातो, म्हणून तिथे *पहिल्या बाजूचंच* चित्र उलटं आणि खोल येतं. त्या बाजूचा स्वतःचा ठसा तिथे अजिबात नसतो, कारण ती डाय चकतीला भेटलेलीच नसते.

तुमच्या नाण्यावर सिंह पूर्ण आहेत आणि त्यांच्या अंगावरून 'रुपये' ही उलटी अक्षरं गेली आहेत. म्हणजे आधी सिंह उमटले, नाणं तयार झालं आणि नंतर त्यावर दुसरं नाणं ठेवून शिकंजात आवळलं. फोटो मोठा करून पाहिला तर उलट्या अक्षरांच्या आसपास सिंहांचा उंच भाग चपटा झालेला आहे. मागच्या बाजूलाही पाचच्या आकड्याचा माथा सपाट आणि चकचकीत दिसेल, शिकंजाच्या जबड्याने तो दाबलेला असतो. खऱ्या ब्रोकेजमध्ये ठशाची बाजू पूर्ण खणखणीत असते. पहिलं नाणं चिकटल्यावर लगेच पडलेल्या नाण्यांवर उलटं चित्र स्पष्ट असतं. नंतरनंतर चिकटलेलं नाणं मार खाऊन पसरत जातं, तसं ते चित्र ताणून मोठं होतं.

आता दहाचं नाणं. यात बाहेरचं वलय ४.४५ ग्रॅमचं आणि मधला गोल ३.२६ ग्रॅमचा, मिळून ७.७१ ग्रॅम. (२०१९पासूनच्या नव्या मालिकेतलं दहाचं नाणं ७.७४ ग्रॅमचं आहे.) दोन्ही तुकडे वेगवेगळे पाडतात आणि प्रेसमध्ये एकात एक बसवून एकाच दाबात ठसा मारतात. तो दाबच दोघांना जोडतो. त्यामुळे पडताळणी अगदी सोपी होते. मधला गोल दाबाआधीच तिरका बसला असेल, तर गोल सरकलेला दिसेल पण सिंह नाण्याच्या मध्यावरच असतील, कारण डाय जागची हललेली नाही. सिंहांचा एखादा भाग वलयाच्या पिवळ्या धातूवरही चढलेला असेल, आणि गोलाचा धातू वलयावर पसरलेला किंवा एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट राहिलेली असेल. याउलट गोल सरकलाय आणि सिंहही त्याच्याबरोबर सरकलेत, तर तो गोल नंतर ठोकून हलवलेला आहे.

याच कारणाने, वलयावरच्या 'भारत' या शब्दाच्या तुलनेत मधले सिंह तिरके किंवा उलटे असलेलं दहाचं नाणं टांकसाळीत होऊच शकत नाही. एका बाजूच्या वलयाचा आणि गोलाचा ठसा एकाच डायचा असतो. अशी नाणी मोठ्या किमतीला दाखवतात, आणि ती सगळी गोल काढून, फिरवून परत बसवलेली असतात. नुसत्या वलयाचंही तसंच. गोल नसताना वलयावर दाब पडला असेल तर आतल्या भोकाचा काठ धातू आत वाहून मऊ, वेडावाकडा झालेला असतो. बाहेर गोल ठोकून काढला असेल तर भोकाची भिंत सरळ असते आणि तिच्यावर सांध्याची खूण तशीच राहते.

काठाचा तुकडा गेलेली नाणी तुम्ही विचारली नाहीत, पण गल्ल्यात ती सापडतील. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरी चंद्रकोरीसारखी कापलेली निघते. पट्टी पुढे सरकायला अडली की चकतीचं तसंच होतं. अशा नाण्यात कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड फिकी असते. चकतीची कड उचलताना दोन्ही बाजूंनी दाब लागतो. एका बाजूला धातूच नाही, तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. शिवाय कापाजवळची अक्षरं काठाकडे ताणली जाऊन पातळ होतात. कानशीने किंवा कातरीने कापलेल्या नाण्यात अक्षर जिथे कापलं तिथे धारदार संपतं, समोरची कड पूर्ण उंच असते आणि कापलेल्या जागी कानशीच्या समांतर रेघा असतात. वजन दोन्हीकडे कमीच भरेल, म्हणून वजनकाट्याचा इथे काही उपयोग नाही.

आम्लात बुडवलेली नाणी 'पातळ चकती' म्हणून विकतात. इथे व्यास मोजा. चकती पातळ असली तरी दाबाखाली ती पसरून कॉलरला भिडते, म्हणून व्यास पूर्ण असतो. मधली नक्षी फिकी असली तरी अक्षरांच्या कडा स्पष्ट असतात. आम्ल मात्र सगळीकडून खातं. व्यास कमी होतो, अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात आणि भिंगाखाली पृष्ठभाग दाणेदार असतो. गोदावरीच्या पात्रातून निघालेल्या नाण्यांवर असाच खडबडीतपणा असतो, फक्त तो सारखा नसून खड्ड्याखड्ड्यांचा असतो. रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं नाणं तर ओळखायला सोपं: दोन्ही बाजू एकाच दिशेला ताणलेल्या आणि कड गायब.

दोनच्या नाण्यावरच्या दुहेरी सालाचं असं आहे. डाय तयार करतानाच तिच्यावर चित्र दोनदा, किंचित हलून उमटलं, तर त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर दुहेरी अक्षरं येतात. दोन्ही प्रती गोलसर आणि उंच असतात, अक्षरांच्या टोकांना स्पष्ट फाटा फुटलेला दिसतो. अमेरिकेचा १९५५चा एक सेंट या प्रकारासाठी जगभर ओळखला जातो. तुमच्या नाण्यात दुसरी प्रत म्हणजे आकड्याच्या बाजूची सपाट, चकचकीत पायरी आहे आणि मूळ आकडा नेहमीपेक्षा बारीक झालाय. दाब सुटताना सैल डाय हलली आणि तिने ताज्या ठशाला बाजूला ढकललं, एवढंच ते आहे. स्टीलच्या नाण्यांत हे सर्रास दिसतं.

ठशातलं एखादं अक्षर किंवा सालातला आकडा गायब असेल, तर बहुतेक वेळा डायच्या खाचेत वंगण आणि धूळ भरलेली असते. तिथे धातू पोहोचत नाही, पण त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच एकसंध राहतो. कोणी आकडा खरवडला असेल तर तिथे उथळ खळगा आणि रेघा असतात. १९३९च्या चांदीच्या रुपयात तर उलटं काम चालतं: तो दुर्मीळ असल्याने १९३८च्या नाण्यातला आठ खोदून नऊ करतात. तिथे आकड्याच्या मुळाशी भिंग नेल्याशिवाय पैसे देऊ नका.

धातू वेगळा वाटला तर चुंबक काढण्याआधी इतिहास पाहा. पाचची नाणी आधी ९ ग्रॅमची तांबे-निकेलची होती, २००७-०८च्या सुमारास स्टीलची आली आणि २००९पासून पिवळसर निकेल-ब्रासची. स्टीलचं पाचचं नाणं चुंबकाला चिकटलं म्हणून ती चूक नव्हे, ते सरकारनेच तसं काढलंय. चुकीच्या चकतीवर पडलेलं खरं नाणं दुसऱ्याच कुठल्यातरी नाण्याच्या वजनात बसलं पाहिजे. उदाहरणार्थ, २०११मध्ये आलेल्या मालिकेत दोन रुपये २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचे, तर रुपया २२ मिलिमीटरचा आणि ३.७९ ग्रॅमचा. दोनचा ठसा रुपयाच्या चकतीवर पडला तर वजन ३.७९च्या आसपास हवं आणि काठाकडची अक्षरं चकती अपुरी पडल्यामुळे तुटलेली हवीत. वजन नेहमीचंच आणि रंग तेवढा तांबूस असेल, तर नाणं तापवलंय किंवा त्याला मुलामा दिलाय.

टांकसाळीच्या खुणाही लोक चूक समजतात. सालाखाली हिऱ्याची खूण म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही म्हणून ते खोटं किंवा चुकीचं, ही अफवा इतकी पसरली होती की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत. १९११चा पंचम जॉर्जचा रुपयाही याच जातीचा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या साली हत्ती सुधारला. नाणं दुर्मीळ झालं, पण चूक चित्रकाराच्या नमुन्यात होती, नाणं पाडण्यात नव्हे.

शिवराई गोळा करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. वर लिहिलेलं सगळं यंत्रावर, कॉलरमध्ये पडलेल्या नाण्यांचं आहे. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा आणि घाव जिथे पडेल तिथे. 'श्री राजा शिव' यातला 'श्री' काठाबाहेर गेला किंवा 'छत्रपति'ची निम्मीच अक्षरं उमटली, तर ती त्या काळची रीत आहे. 'ऑफ-सेंटर एरर' म्हणून शिवराईला जादा पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका. उलट ज्या शिवराईवर दोन्ही बाजूंची अक्षरं पूर्ण आहेत, ती जपा.

पैशाबद्दल. डायच्या बारीक भेगा, पुसट ठसे, हिसक्याची दुहेरी अक्षरं यांना बाजारात दर्शनी किमतीपलीकडे फारसं काही मिळत नाही. ठळक ऑफ-सेंटर ठसा, खरा ब्रोकेज, चुकीच्या चकतीवरचं नाणं यांना गिऱ्हाईक असतं. तुमची रुपयाची गुठळी पडताळणीत उतरली तर ती ठेवण्यासारखी आहे, पण लाखांची स्वप्नं बघू नका. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे संदेश फिरतात, ते खोटे आहेत. कोणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुनी नाणी विकून देण्यासाठी आधी कमिशन किंवा कर मागत असेल, तर तिथेच थांबा. असं कोणतंही काम आपण करत नाही आणि कोणाला करायला सांगितलेलंही नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलंय.

चारही नाणी चिंच, लिंबू, राख कशानेही घासू नका. घासलं की पृष्ठभागावरच्या ज्या बारीक खुणांवरून निर्णय घ्यायचा त्याच पुसल्या जातात आणि खरी चूकही संशयास्पद होते. काठाला धरून हाताळा, प्रत्येक नाणं वेगळ्या पाकिटात ठेवा. दहाच्या आणि एकच्या नाण्याचे फोटो बरोबर वरून घ्या, दोन्ही बाजूंचे, आणि एक फोटो काठाचा. उजेड एका बाजूने पडू द्या, फ्लॅश नको. शेजारी तेच मूल्य आणि तीच मालिका असलेलं साधं नाणं ठेवा, आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावरचं वजन लिहा.